किती लांबून बघणार?

मोहन्यात माझं डिझायनिंगचं छोटं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नाचे अल्बम, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर, जुन्या फोटोंची दुरुस्ती, अशी सगळी कामं इथे येतात. छपाईचं मशीन माझ्याकडे नाही. फाइल तयार करायची आणि कल्याणला प्रिंटिंगला पाठवायची. माझ्या दुकानातून बाहेर जाते ती फक्त फाइल, त्यामुळे ती किती जड असावी हा माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे. आंबिवली, अटाळी, वडवली, शहाडकडची नवी मुलं दरवर्षी या कामात उतरतात. त्यांना टूल शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण फाइलचा आकार कसा ठरवायचा हे कुणी बसवून सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

एका एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीच्या तयारीची धावपळ चालू असताना, ओळखीतला एक मुलगा लॅपटॉप उघडाच मांडीवर घेऊन रिक्षातून आला. लॅपटॉप बंद केला तर काम जाईल अशी त्याला भीती होती. "ताई, सेव्हच होत नाहीये. रात्रभर बसलोय." स्टेजच्या मागचा वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स होता. काम त्याने मन लावून केलं होतं. पण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की छपाईसाठी रिझोल्यूशन तीनशेच लागतं, आणि त्याने पूर्ण वीस फुटांना तीनशे लावलं होतं.

हिशोब करून बघा. वीस फूट म्हणजे २४० इंच. इंचाला ३०० पिक्सल धरले तर रुंदी ७२,००० पिक्सल आणि उंची ३६,००० पिक्सल. एकूण २५९ कोटी २० लाख पिक्सल. छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, प्रत्येक पिक्सलला चार बाइट लागतात. एका सपाट चित्राचीच फाइल ९.६६ जीबी झाली, आणि त्यावर त्याचे लेयर वेगळे. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल कोणत्याही बाजूला ३०,००० पिक्सलपर्यंतच जाते आणि वजनाला २ जीबीपर्यंत. टिफ केली तर ती ४ जीबीला अडते. त्याने दोन्ही वाटा करून पाहिल्या होत्या. तिसरी वाट असते हे त्याला माहीत नव्हतं: पीएसबी. मोठ्या कागदपत्रांसाठीचा हा प्रकार फोटोशॉप सीएसबरोबर २००३ साली आला आणि तो बाजूला ३,००,००० पिक्सलपर्यंत जातो. मी माझी एक्स्टर्नल ड्राइव्ह लावली, पीएसबी निवडलं आणि सेव्हची पट्टी सरकायला लागली. ती पूर्ण होईपर्यंत तो खुर्चीवर बसला नाही.

काम वाचलं. पण खरा प्रश्न पुढचा होता. एवढ्या पिक्सलची गरज होती का? मी त्याला विचारलं, "हा फ्लेक्स माणसं किती लांबून बघणार?" तो म्हणाला, "पहिली रांग पंधरा फुटांवर असेल."

तीनशेचा आकडा कुठून आला ते कळलं की ही सगळी गोष्ट उलगडते. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. हातात धरलेलं मासिक आपण फूटभर अंतरावरून वाचतो. त्या अंतरावर हा बारकावा इंचाला सुमारे २८६ ठिपके इतका येतो. म्हणून पुस्तकाला, लग्नपत्रिकेला, अल्बमला ३००. हेच गणित दहा फुटांवर केलं तर २९ येतात आणि तीस फुटांवर साडेनऊ. अंतर दहापट झालं की लागणारे ठिपके दहापट कमी. पंधरा फुटांवरच्या माणसाला इंचाला १९ ठिपक्यांच्या पलीकडचं काहीही दिसत नाही, मग फाइलमध्ये कितीही कोंबा.

आमच्याकडे फ्लेक्सला ७२ लावायची पद्धत आहे आणि ती भरपूर सुरक्षित आहे. वीस बाय दहाला ७२ लावलं तर १७,२८० बाय ८,६४० पिक्सल होतात आणि चार रंगांत फाइल ५६९.५ एमबी. तीही जड वाटली तर ३६ लावावं. दोन्ही बाजू निम्म्या होतात, म्हणून फाइल पाव होते आणि १४२ एमबीवर येते. स्टेजच्या मागच्या फ्लेक्सला मी बिनधास्त ३६ वापरते. काहीजण एक इंच बरोबर दहा इंच असं प्रमाण धरतात. दोन बाय एक फुटाची फाइल ३०० वर करायची आणि मशीनवर हजार टक्के मोठी करायची. ती पद्धतही बरोबर आहे, फक्त तिचा अर्थ समजून घ्यावा: छापताना तिथे इंचाला ३० ठिपकेच पडतात. फाइलच्या माहितीत ३०० दिसतं म्हणून ती जास्त चांगली ठरत नाही. पिक्सल किती आणि ते किती फुटांवर पसरणार, एवढंच खरं.

त्याच्या फाइलमध्ये दुसरी अडचण मजकुराची होती. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप करताना जोडाक्षरं फुटली, म्हणून त्याने मजकूर दुसरीकडे टाइप करून चित्र म्हणून आणून चिकटवला होता. टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं इंजिन निवडलं की युनिकोड फॉन्टची जोडाक्षरं नीट बसतात. पण मोठ्या फ्लेक्सचा मजकूर फोटोशॉपमध्ये ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र फोटोशॉपमध्ये करावं आणि अक्षरं कोरलमध्ये टाकावीत. कोरलमधलं अक्षर रेषांचं असतं. ते चार इंचांचं करा नाहीतर चार फुटांचं, कड तशीच धारदार राहते आणि फाइलमध्ये जवळजवळ काहीच भर पडत नाही. श्री-लिपीसारखे फॉन्ट वापरले असतील तर पाठवण्याआधी कर्व्हमध्ये बदलावेत, म्हणजे प्रिंटिंगवाल्याच्या मशीनवर वेलांट्या उडत नाहीत. दूरच्या माणसाला चित्र थोडं मऊ दिसलं तर चालतं, पण बाबासाहेबांच्या नावाची कड फाटलेली चालत नाही. दुपारपर्यंत सगळा मजकूर पुन्हा बसवला आणि फाइल साध्या पेनड्राइव्हवर गेली.

पेनड्राइव्हचीही एक गोष्ट सांगून ठेवते, कारण त्यावरून काउंटरवर नेहमी वाद होतात. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असतो आणि ५ जीबीची फाइल त्यावर जात नाही. लोकांना वाटतं पेनड्राइव्ह खराब आहे. तो बहुतेक वेळा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं. आधी आतला माल दुसरीकडे काढून ठेवा.

फाइल फुगण्याची कारणं बरीच असतात, पण इथल्या कामात मला एक कारण सगळ्यात जास्त दिसतं. बॅनरवर वीस-पंचवीस चेहरे असतात. प्रत्येकाचा मोबाइलमधला अख्खा फोटो आणून टाकतात, ओढून कडेला नेतात आणि फक्त चेहरा दिसेल असा ठेवतात. कागदाबाहेर गेलेला भाग डोळ्यांना दिसत नाही, पण फाइलमध्ये तो पूर्ण असतो. सगळं सिलेक्ट करून एकदा क्रॉप दिलं की बाहेरचे पिक्सल निघून जातात. कितीतरी फाइल मी एवढ्याने निम्म्यावर आलेल्या पाहिल्या आहेत. दुसरं कारण म्हणजे डुप्लिकेट लेयर. रंग बदलायचा म्हणून अख्ख्या लेयरची कॉपी काढतात. त्याऐवजी ॲडजस्टमेंट लेयर घ्यावा. त्यात पिक्सल नसतात, फक्त सूचना असते, त्यामुळे वजन वाढत नाही आणि मूळ चित्राला हातही लागत नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. रॅम भरली की फोटोशॉप उरलेलं काम डिस्कवर लिहायला लागतं, त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात. ती एसएसडी असावी आणि तिच्यावर भरपूर मोकळी जागा असावी. खिडकीच्या खालच्या पट्टीत 'इफिशियन्सी' हा पर्याय लावून ठेवा. आकडा शंभराच्या खाली उतरला की काम डिस्कवर गेलं असं समजा. मोठ्या फाइलला हिस्टरीच्या पायऱ्या कमी ठेवा, कारण मागे जाण्याची प्रत्येक पायरी जागा खाते. सीएस-६ पासून, म्हणजे २०१२ पासून, फोटोशॉप ठरावीक वेळाने आपोआप रिकव्हरीची प्रत ठेवतं, तरी पावसाळ्यात वीज जाणाऱ्या भागात यूपीएस नसेल तर मोठ्या फाइलला हात लावू नये. जड फाइल सेव्ह होतानाच वीज गेली तर रिकव्हरीवर भरवसा ठेवता येत नाही.

आता ज्या कामाने मला हे सगळं नव्याने विचार करायला लावलं, ते सांगते.

मोहने म्हटलं की बाहेरच्या माणसाला एनआरसी आठवते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यावर हे गाव वाढलं. वसाहत, शाळा, बाजार, सगळं कंपनीच्या भोंग्याला बांधलेलं. २००९ साली कारखाना बंद पडला. तिथे नोकरी केलेले एक काका माझ्याकडे एक ग्रुप फोटो घेऊन आले. सत्तरच्या दशकातला, बारा बाय दहा इंचांचा, काळा-पांढरा, खात्यातल्या सगळ्या कामगारांचा. डाव्या कोपऱ्यातून पिवळट तपकिरी डाग वर चढलेला. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं तेव्हा फोटो पत्र्याच्या पेटीत होता आणि पेटी कॉटखाली. त्या पुरानंतर या नदीकाठच्या घरांमधून आलेले असे डागाळलेले फोटो मी आजही दुरुस्त करते. जुन्या सोबत्यांचा मेळावा ठरला होता आणि काकांना हा फोटो भिंतभर करून तिथे लावायचा होता. बारा फूट रुंद, असं त्यांच्या मनात होतं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "काका, किती लांबून बघणार?"

"लांबून कशाला? जवळ जाऊनच बघणार पोरी. कोण कुठे बसलाय ते बोट लावून दाखवणार ना सगळे."

या उत्तराने माझं फ्लेक्सचं गणित उलटं केलं. मोठ्या चित्रापासून माणसं लांब उभी राहतात हे मी धरून चालले होते. ग्रुप फोटोला ते लागू नाही. त्याला माणसं नाक लावतात. दोन फुटांवरून बघणाऱ्या डोळ्याला इंचाला १४३ ठिपक्यांपर्यंतचा फरक कळतो. म्हणून आधी मूळ फोटोत किती आहे ते बघायला हवं होतं. मी एकाच चेहऱ्याचा तुकडा ६०० आणि १२०० अशा दोन्ही रिझोल्यूशनला स्कॅन केला. त्या फोटोत चेहरा साधारण एक सेंटिमीटरचा होता, म्हणजे ६०० ला २३६ पिक्सल. भुवया, मिशा, शर्टाच्या खिशातलं पेन, सगळं आलं. १२०० ला पिक्सल चौपट झाले, पण पेन तेवढंच स्पष्ट राहिलं. वाढले ते कागदाचे दाणे. छापील फोटोच्या आत जेवढं आहे तेवढंच स्कॅनर देऊ शकतो. ६०० नक्की केलं.

फोटो ए-फोर स्कॅनरच्या काचेवर मावत नव्हता. दोन भागांत स्कॅन केला, दोन्ही वेळा फोटोची दिशा तीच ठेवून, कारण फिरवला की कागदाच्या पोतावरची चमक बदलते आणि सांधा दिसतो. स्कॅनरचं आपोआप शार्प करणं बंद ठेवलं. मग फोटोमर्जने जोडला. फोटो काळा-पांढरा असूनही स्कॅन रंगीत आणि १६ बिटमध्ये घेतला होता, आणि त्याचं कारण तो डाग. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात काळा दिसतो, हिरव्यात कमी, आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ विरतो. चॅनेलची खिडकी उघडून फक्त लाल चॅनेल लावला तेव्हा डागाखालच्या रांगेतले चेहरे वर आले. काका शेजारी उभे होते. ते एकेकाचं नाव घ्यायला लागले आणि मी माउस सोडून ऐकत राहिले.

तो लाल चॅनेल ठेवला आणि बाकीचे दोन काढले. २४७ एमबीचं चित्र ८२ एमबीवर आलं. इथे वजन कमी करणं आणि फोटो चांगला करणं ही एकच कृती होती. १२०० ला रंगीत ठेवलं असतं तर एकेक लेयर ९८९ एमबीचा झाला असता आणि दोन-तीन कॉपी काढताच पीएसडीची मर्यादा आली असती. मूळ रंगीत स्कॅन मात्र टिफ करून वेगळा ठेवला. उद्या कुणाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल, त्याला मूळ मिळायला हवं.

दुरुस्तीसाठी वर एक रिकामा लेयर घेतला आणि हीलिंग ब्रशला खालच्या लेयरवरून नमुना घ्यायला सांगितलं. अशा लेयरमध्ये जिथे ब्रश फिरला तेवढंच साठतं. बाकी जागा रिकामी राहते, वजन वाढत नाही, आणि चुकलं तर तेवढंच पुसता येतं. ओरखडे, बुरशीचे ठिपके, घडीची रेघ असं सगळं त्यावर.

एका माणसाचा चेहरा डागाने पूर्ण खाल्ला होता. लाल चॅनेलमध्येही काही नव्हतं. हल्ली मोबाइलवरची ॲप अशा जागी नवा चेहरा काढून देतात. डोळे चकचकीत, कातडी गुळगुळीत. मी ते केलं नाही आणि करणारही नाही. ते डोळे त्या माणसाचे नसतात. त्याच्या मुलाने येऊन तो चेहरा बघितला तर त्याला आपण काय दाखवलं? काकांना विचारलं. ते म्हणाले, "राहू दे तसाच. नाव मला ठाऊक आहे." ती जागा फक्त आजूबाजूच्या रंगाला मिळती केली.

छपाई बारा फुटांवर केली असती तर इंचाला ५० ठिपके पडले असते आणि जवळ गेलेल्या माणसाला चेहरे मऊ दिसले असते. सहा बाय पाच फूट केलं की १०० ठिपके. काकांना आधी ते लहान वाटलं. मी दोन्ही मापांतला एक-एक चेहरा कागदावर छापून हातात दिला. त्यांनी सहा फुटांचा उचलला. फ्लेक्सऐवजी विनाइलवर छापून सनबोर्डवर चिकटवला, कारण फ्लेक्सच्या विणीत बारीक चेहरे हरवतात.

जगात याच्या कितीतरी पट मोठी चित्रं हाताळली जातात. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राची प्रतिमा जानेवारी २०२२ मध्ये खुली केली. ८,४३९ फोटो जोडून केलेली, ९,२५,००० बाय ७,७५,००० पिक्सलची, ५.६ टेराबाइटची. ती पीएसबीच्याही मर्यादेत बसत नाही. नकाशासारखे तिचे चौकोनी तुकडे केलेले आहेत आणि बघणाऱ्याला हवा तो तुकडा तेवढाच उघडतो. तिथे दोन पिक्सलमधलं अंतर एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे, कारण तिथल्या तज्ज्ञांना रंगातले कण बघायचे आहेत. एवढ्या पिक्सलची त्यांना खरोखर गरज आहे. माझ्या दुकानात विचारला जाणारा प्रश्न तिथेही तोच आहे.

मेळाव्यानंतर काका सगळी नावं रांगेनुसार वहीत लिहून घेऊन आले. ती मी फोटोशॉपच्या फाइल इन्फोमध्ये टाइप केली. चित्राबरोबर नावं प्रवास करतात, कागदाची चिठ्ठी हरवली तरी. हे काम मला आता दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं वाटतं. श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी लोक एखाद्या लग्नातल्या ग्रुप फोटोमधून चेहरा काढायला सांगतात, कारण त्या माणसाचा दुसरा फोटोच नसतो. वर्षश्राद्धाला तेच घर पुन्हा येतं. तेव्हा लेयर असलेली मूळ फाइल माझ्याकडे असावी लागते. म्हणून छापून झालेल्या फ्लेक्सच्या फाइल मी काढून टाकते, पण माणसांच्या फोटोचे मूळ स्कॅन कधीच काढत नाही. एक प्रत दुकानात, एक घरी वरच्या मजल्यावर आणि एक बहिणीकडे डोंबिवलीला. नदीकाठी राहणाऱ्याने सगळ्या प्रती एका जागी ठेवू नयेत. पीएसबी उघडणारी सॉफ्टवेअर थोडी आहेत, म्हणून प्रत्येक मास्टरबरोबर एक सपाट टिफही ठेवते, आणि ड्राइव्ह वर्षातून एकदा तरी लावून फाइल उघडून बघते.

तुमच्या घरात असा फोटो असेल तर त्याचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तिथे चित्र आपोआप लहान होतं आणि जे गेलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शक्यतो मूळ फोटोच घेऊन जवळच्या दुकानात जा, समोर बसून ६०० ला रंगीत स्कॅन करायला सांगा, टिफ मागून घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि फोटोतल्या माणसांची नावं सांगणारं कुणी घरात असेल, तर ती आजच लिहून घ्या.